घोरणं, जीभ आणि थोडासा करंट

नमस्कार मंडळी. घोरणाऱ्या माणसाच्या शेजारी झोपणाऱ्यांनो, आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी, कारण घोरणाऱ्याला काही पत्ताच नसतो. जोरात घोरणं चालू असतं आणि मधेच एकदम गप्प. आपल्याला वाटतं, चला, सुटलो एकदाचे! पण नीट बघा, छाती-पोट हलत असतं, जोर लागत असतो, फक्त हवा आत जात नसते. मग काही सेकंदांनी मोठ्ठा फुस्स आवाज, कूस बदलायची आणि परत घोरणं सुरू.

हा स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला किंवा फारच उथळ झाला की तो एक झटका मोजतात. तासाला 5 ते 15 झटके म्हणजे सौम्य, 30 च्या वर गेले की गंभीर. आणि हा आकडा स्लीप टेस्ट केल्याशिवाय कळत नाही, घोरण्याच्या आवाजावरून तर मुळीच नाही.

यात मोठा वाटा जिभेचा. जीभ पुढे ओढून धरणारा एक स्नायू आहे, त्याला हुकूम देते हायपोग्लोसल नावाची नस. जागेपणी ती कामावर असते, झोप लागली की हुकूम कमी होतो, स्नायू ढिला पडतो, जीभ मागे सरकते आणि घशाची वाट बंद. यावर सीपॅपचं मशीन आहे, 1981 साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी ते पुढे आणलं, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं आणि काम चोख करतं. पण तोंडावर मास्क लावून झोपायचं म्हटलं की बरेच जण काही दिवसांत ते कपाटात टाकतात, त्यांना दोष तरी कसा द्यायचा! दुसरा मार्ग म्हणजे छातीत यंत्र बसवून त्या नसेलाच करंट द्यायचा, त्याला अमेरिकेत 2014 मध्ये मान्यता मिळाली, पण ऑपरेशन आलंच की.

म्हणून मग विचार आला की चिरफाड न करता, बाहेरूनच करंट दिला तर? इथे लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात.

एक आहे दिवसा वापरायचं. एक्साइट ओएसए नावाचं उपकरण, 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने मंजूर केलं. तोंडात धरायचा मऊ तुकडा, दोन इलेक्ट्रोड जिभेच्या वर आणि दोन खाली, रोज 20 मिनिटं असं 6 आठवडे, पुढे आठवड्यातून एकदा. जिभेत मुंग्या आल्यासारखं होतं, लाळ सुटते. रात्री काहीच लावायचं नाही, ही जिभेची जिमच समजा. एफडीएने बघितलेल्या माहितीत सौम्य अ‍ॅप्नियाच्या 48 पैकी 41 जणांचे तासाचे झटके सरासरी 10 वरून 5 च्या आसपास आले. आकडा छान आहे, पण तुलनेसाठी खोटं मशीन दिलेला दुसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे मी लगेच टाळ्या वाजवणार नाही. (घशाच्या व्यायामाने फरक पडतो ही कल्पना तशी येडी नाहीये, 2006 मध्ये डिजरीडू हे लांब नळीचं वाद्य 4 महिने वाजवायला लावून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात लोकांची दिवसाची पेंग कमी झाली.)

दुसरं आहे रात्रीचं. हनुवटीखाली चिकटपट्ट्या लावायच्या आणि झोपेत हलका करंट चालू ठेवायचा. लंडनमध्ये याची टेस्ला नावाची चाचणी झाली, त्या गाडीशी काही संबंध नाही हां, 36 जणांवर, एक रात्र करंटची आणि एक बिनकरंटची. काहींना चांगला फायदा झाला, काहींना फारसा नाही. अडचण सरळ आहे, मधे कातडी आणि चरबी, करंट कमी दिला तर स्नायूपर्यंत नीट पोचत नाही आणि वाढवला तर माणूस जागा होतो, मग उपयोग काय!

तेव्हा कुणी जिभेला करंट देणारं यंत्र दाखवलं तर पहिल्यांदा विचारा, दिवसाचं की रात्रीचं? दिवसाचं ते सौम्य अ‍ॅप्निया आणि घोरण्यासाठीच, तासाला 40 झटके येणाऱ्याने त्याच्या भरवशावर सीपॅप बंद करू नये. पेसमेकर असेल, गरोदरपण असेल, तोंडात जखमा किंवा दातांना तारा असतील तर ते चालत नाही. आणि 6 आठवड्यांनी घोरणं कमी झालं म्हणून खूश होऊन थांबू नका, आवाज गेला तरी श्वास अडकणं चालू असू शकतं, स्लीप टेस्ट पुन्हा करून घ्या.