निळा रंग मेंदूत का उतरला नाही

श्रोतेहो, नमस्कार. सर्दीची जुनी गोळी घेतली की दुपारभर डोळ्यांवर झापड येते आणि नव्या गोळीने तितकी येत नाही, हे आपण घरोघरी पाहतो. हा फरक जिथे ठरतो, त्या रक्त-मेंदू अडथळ्याविषयी आज बोलायचे आहे. पण त्याचा माग कसा लागला, ती हकिकत आधी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

जर्मन वैद्यक पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये टोचून पाहिली. जवळजवळ सगळे अवयव रंगले; मेंदू तेवढा कोरा राहिला. १८८५ मध्ये त्यांनी याचा अर्थ असा लावला की, मेंदूलाच या रंगांची ओढ कमी असावी. तर्क सरळ होता, पण चुकीचा होता. पुढे त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मेंदू निळा झाला, बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदूला रंग चढत होता. रक्तातून तो मेंदूत उतरत नव्हता. पुन्हा सांगतो, मेंदूला रंग चढत होता, फक्त रक्ताची वाट बंद होती. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत शोधांच्या शेजारी असे चुकलेले तर्कही छापावेत, असे मला मनापासून वाटते. प्रयोग कशासाठी करायचा, हे मुलांना त्यातूनच उमगेल.

ही वाट नेमकी कुठे बंद होते, हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की मधे फटच उरत नाही. जे आत जायचे ते पेशीतूनच. प्राणवायू, मद्य, कॉफीतील कॅफीन सहज पार होतात; साखरेला वाहक प्रथिने लागतात. सर्दीची जुनी गोळी मेदात विरघळते, म्हणून शिरते. नव्यांपैकी काही औषधांना याच पेशींतील प्रथिने परत रक्तात ढकलतात.

कंपवातात मेंदूला डोपामिन कमी पडते, पण रक्तात दिलेले डोपामिन हा अडथळा ओलांडत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात, जे वाहक प्रथिनांच्या आधाराने आत जाते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. वाटेतच तसे होऊ नये यासाठी सोबत कार्बिडोपा देतात, जे स्वतः आत शिरत नाही, आणि म्हणूनच त्याचा अटकाव मेंदूबाहेरच राहतो.