दुखत नाही, म्हणूनच पट्टी

[दृश्य : उपकेंद्राचा ओटा. बाकावर बसलेले एक काका, एक पाय उघडा.]

निवेदन :
कापूस फुटलाय. या दिवसांत यवतमाळकडचा शेतकरी दवाखान्यात बसून राहत नाही. हे काका बसलेत. बाभळीचा काटा चप्पल भेदून तळपायात शिरला होता, आणि चार दिवस त्यांना ते कळलंच नाही. चप्पल ओली का लागते म्हणून पाहिलं, तर पू.

शुगर जुनी आहे. पायाच्या नसा बधिर झाल्यात.

काका म्हणतात, "दुखत तं नाही सिस्टर, मंग कायले एवढी पट्टी?"
"दुखत नाही म्हणूनच, काका."

हे दुखणं विदर्भाला नवं नाही. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं. तिथं येणाऱ्या कुष्ठरुग्णांच्या पायांचंही हेच होतं. बोटं नुसत्या रोगानं झडत नाहीत. कळ येत नाही, म्हणून जखमेकडे लक्ष जात नाही, आणि ती आतवर चिघळत जाते.

[क्लोजअप : पट्टी सुटते आहे.]

काकांच्या घरी जखमेत आधी हळद भरली, वर घरचाच कापूस दाबला. कापूसपट्ट्यात घरोघर हेच होतं, आणि ते मायेनंच होतं. पण बोंडातला कापूस वेगळा, दवाखान्यातला वेगळा. कच्च्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी धरत नाही. हे मेण काढून, धुऊन, निर्जंतुक केल्यावरच कापूस जखमेचं पाणी शोषतो. काकांचा कापूस जखमेलाच चिकटला होता. सिस्टरांनी सलाईननं भिजवून चिमट्यानं त्याचा एकेक तंतू काढला. मग तालुक्याला डॉक्टरांनी मेलेली कातडी कापली, आणि त्यानंतरच ही पट्टी लिहून दिली.

[क्लोजअप : चिमट्यात धरलेला करडा चौकोनी तुकडा.]

या पट्टीत चांदी आहे. जखमेचा ओलावा लागला की चांदीचे सूक्ष्म कण, आयन, सुटू लागतात. ते जंतूच्या बाहेरच्या आवरणाला आणि आतल्या प्रथिनांना धरतात, आणि जंतू तिथंच थांबतो. पोव्हिडोन आयोडीन हे त्याच कामाचं जुनं औषध, ते आपल्या आरोग्य केंद्रातही असतं. थायरॉइडचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी सांगायचं. मधाच्याही पट्ट्या असतात. मध जखमेतलं पाणी ओढून घेतो, जंतूंना वाढायला ओल उरत नाही. मात्र तो निर्जंतुक केलेला मध. मेळघाटातला मोहोळाचा मध कितीही अस्सल असला तरी तो भाकरीबरोबर खायचा, जखमेत भरायचा नाही.

एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. विळ्यानं कापलेल्या ताज्या बोटाला चांदी लागत नाही. स्वच्छ पाण्यानं भरपूर धुणं, साधी गॉज पट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन पुरतं. ऑपरेशनच्या शिवलेल्या जखमेवरसुद्धा जंतुसंसर्ग टाळायला साध्या पट्टीऐवजी भारीतली पट्टी वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली सुचवलंय. ज्याच्या घरी बियाण्याचीच उधारी आहे, त्याला महागडी पट्टी उगाच विकणं हा अन्याय आहे.

आणि गरज असली, तरी पट्टी वरवरचेच जंतू आवरते. ताप आला, लाली घोट्याकडे चढली, वास सुटला, तर जंतू खोल गेलाय. तिथं पट्टी पोचत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. चांदीची पट्टीही साधारण दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासायची, सवयीनं चालू ठेवायची नाही.

[दृश्य : नवी पट्टी बांधून झाली. काका उठू लागतात.]

सिस्टर त्यांना थांबवतात. दुसऱ्या पायातली चप्पल मागून घेतात, उलटी करून झटकतात, आत बोट फिरवतात. टाचेपाशी बोट थबकतं. चिमट्यानं ओढून त्या काटा काढतात, नखाएवढा, काळपट, आणि काकांच्या तळहातावर ठेवतात.

काका तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहतात.