भाद्रपदाचा चंद्र, तीन पंचांगं

परदेशात गणपती बसवणाऱ्या मंडळींनो, नमस्कार.

‘धर्म आणि विज्ञान’ असा विषय मिळाला की वक्ता लगेच गॅलिलिओला बोलावतो. आपण कोल्हापुरातच राहू. 2018, 2019 आणि 2020 अशी सलग तीन वर्षं तिकडे गणपती आणि मोहरम एकत्र आले. कितीतरी ठिकाणी एकाच मांडवात एका अंगाला मूर्ती, दुसऱ्या अंगाला मोहरमचे पंजे; प्रसादाला मोदकही आणि गुळाचे चोंगेही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो, हे तर तुम्ही वाचलंच असेल. त्याच पंधरवड्यात, शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व असतं. गणपती आणि दशलक्षण भाद्रपद सोडत नाहीत; मोहरम मात्र तिथे पाहुणा म्हणून येतो. का, ते पाहू.

तिघंही चंद्रच मोजतात. बारा चांद्रमासांचे दिवस होतात 354 आणि सूर्याचं वर्ष 365 चं, म्हणजे दरसाल 11 दिवसांची तूट. आपलं पंचांग ती अधिक महिन्यानं भरून काढतं. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, म्हणजे सूर्य रास बदलत नाही, तो अधिक; 19 वर्षांत असे 7 येतात. हिजरी सनात ही भरपाई नाही, म्हणून मोहरम मागे सरकत साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2018 मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि भाद्रपद नेमका मोहरमवर येऊन बसला. पुढचा अधिक महिना 2020 चा आश्विन, म्हणजे भाद्रपद उलटून गेल्यावरचा. म्हणून तीन वर्षं मिळाली. 2021 मध्ये मोहरम श्रावणात गेला. याआधीचा असा योग ऐंशीच्या दशकातला, पुढचा 2050 च्या पुढेमागे.

महिना जुळला की दिवस आपोआप जुळतात. अमावास्येनंतर कोर दिसली की मोहरम सुरू, आणि त्याचा दहावा दिवस एकादशी-द्वादशीच्या आसपास पडतो. चतुर्थी त्याच्या आधी, अनंत चतुर्दशी त्याच्यानंतर. ताबूत आणि गणपती एकाच रस्त्यानं निघणार असतील तर आधी कोण, ढोल कुठे थांबवायचे, हे मात्र कुठल्याच पंचांगात नसतं. ते तालमीच्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या, बैठकीत ठरवावं लागतं, आणि नीती म्हणतात ती तिथे लागते.

सगळे धर्म एकच शिकवतात असं सरसकट म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. देव, मोक्ष, आत्मा यांवर त्यांचं अजिबात एकमत नाही. एकमत आहे ते वागण्यावर. दशलक्षणाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आठवा त्यागाचा. इस्लाममध्ये जकात, म्हणजे बंधनकारक दान: 85 ग्रॅम सोन्याच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली तर तिच्यावर अडीच टक्के. पण हे वर्ष हिजरी. इंग्रजी वर्षानं हिशोब करणाऱ्याला 11 दिवस फुकटचे मिळतात, म्हणून त्यानं 2.577 टक्के काढायचे. द्यायला सांगतो धर्म, आकडा दुरुस्त करतं खगोल; दोघांची भांडाभांडी कुठेच नाही.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीचे किरण येतात, त्या किरणोत्सवाबद्दल हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळता सूर्य खऱ्या पश्चिमेच्या सुमारे 18 अंश दक्षिणेला असतो. दोन्ही तारखा 21-22 डिसेंबरपासून सारख्याच, साधारण 41 दिवसांच्या अंतरावर. पहिल्या दिवशी किरण पायांशी, मग मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर यावेत अशी अपेक्षा. कधी येत नाहीत. त्यात अपशकुन शोधू नये. ढग, हवेतली आर्द्रता, धूळ आणि वाटेत उभी राहिलेली बांधकामं पाहावीत. भक्तानं प्रकाशाची तीव्रता मोजली म्हणून देवीचा मान कमी होत नाही.

आता तुमच्या कामाचं. कोल्हापूरच्या कॅलेंडरवरची चतुर्थीची तारीख इथे परदेशात जशीच्या तशी चालेलच असं नाही. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं 12 अंशांचं अंतर. ती जगभर एकाच क्षणी लागते, घड्याळं वेगळी. गणपती बसतो मध्यान्हीला चतुर्थी असलेल्या दिवशी. समजा कोल्हापुरात ती दुपारी अडीचला लागली, तर तिकडे पूजा दुसऱ्या दिवशी. न्यूयॉर्कला तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले, म्हणजे पूजा त्याच दिवशी, एक तारीख आधी. (शनिवारीच हॉल मिळतो, हे मला ठाऊक आहे. निदान घरच्या पूजेला तरी आपल्या गावाचं पंचांग पाहा.)

महाप्रसादाला शेजारच्या जैन आणि मुसलमान घरांना बोलावणार असाल तर सूर्यास्त जपा. जैन मंडळी सूर्यास्ताआधी जेवतात, काटेकोर पाळणारे तर 48 मिनिटं आधीच हात धुतात. मोहरम गणपतीत आला आणि त्याच्या दहाव्या दिवसाचा, आशुराचा, रोजा असेल तर तो मुसलमान पाहुणे सूर्यास्तानंतरच सोडणार. म्हणून दोन पंगती ठेवा, मध्ये आरती. लंडनला सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहिली पंगत सहाला बसलीच पाहिजे. नेमकं इथेच फसतं: भाषणं लांबतात आणि जैन कुटुंबं उपाशी घरी जातात.

स्वयंपाकात कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको. ओलं आलं नको, सुंठ चालते. बेसन लावलेली कढी टाळा. कच्च्या दह्या-ताकाबरोबर डाळ जैनांना वर्ज्य असते. हिरव्या पालेभाज्याही या दिवसांत बरेचजण खात नाहीत. मुगाची खिचडी आणि दुधाची खीर दोन्ही पंगतींना निर्धास्त वाढता येते. विकतच्या गोडात जिलेटिन आहे का, तेवढं पाकिटावर वाचून घ्या.