डब्यातलं कार्ड

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं कौलारू घर. बाहेर पावसाची झड. स्टीलच्या डब्यातून कागद काढणारे हात.)

रेशनकार्ड, आधार, जमिनीचा उतारा आणि तळाशी एक छोटं कार्ड. त्यावर कंपनीचं नाव, मापाचा आकडा, नंबर. सगळं इंग्रजीत. काकूंनी नऊ वर्षं ते जपलं, पण त्यात काय लिहिलंय हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, त्याच वेळी स्तनाच्या जागी इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम भराव, बसवला. कार्ड त्याचंच. मग रेडिएशन. पुढची सात वर्षं बरी गेली. नंतर उजवी बाजू घट्ट होत गेली, वर ओढल्यासारखी. "दगडागत लागूलालंय," एवढंच त्या म्हणाल्या, तेही आम्ही विचारल्यावर. सुनेला सांगायची लाज, आणि दवाखान्यात कन्नडमधून सांगायला शब्द नाहीत.

शरीरात बाहेरची वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती पातळ पडदा विणतं. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. काहींचा पडदा आवळत जातो आणि इम्प्लांटला मुठीत धरल्यासारखा दाबतो. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे जास्त होतं. डॉक्टर याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात.

दुसरा त्रास गुपचूप येतो. सिलिकॉनचा इम्प्लांट आतल्या आत फाटला तरी बाहेरून काही कळत नाही. म्हणून अमेरिकेची औषध नियंत्रण संस्था सांगते: पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी. इम्प्लांट जन्मभरासाठी नसतो. हे ऑपरेशनच्या आधीच, बाईला कळेल अशा भाषेत सांगायला हवं.

(दृश्य: कार्डावर बोट.)

आणि कार्ड का जपायचं, तर आत कुठल्या कंपनीचा इम्प्लांट आहे हे त्यावरून कळतं, यासाठी. इम्प्लांटच्या भोवती होणारा एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकार पेशींचा कर्करोग आहे, तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. २०१९ मध्ये असे काही इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले. बसवून कित्येक वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, पाणी साचलं, तर ते पाणी काढून तपासायचं. लवकर सापडला, तर पडद्यासकट इम्प्लांट काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. काहीच त्रास नसेल, तर नुसत्या भीतीनं काढून टाकायची गरज नाही.

काकूंचा इम्प्लांट काढला, तेव्हा पडद्याचाही तुकडा तपासला. त्यात कर्करोग नव्हता.

काढल्यावर पुढे काय? नवा इम्प्लांट बसवता येतो, पण रेडिएशन झालेल्या कातडीत तो पुन्हा आवळण्याची भीती राहते. पाठीचा स्नायू वळवून पुढे आणता येतो. पोटाची कातडी आणि चरबी घेऊन, तिच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडून स्तन घडवता येतो. हे कित्येक तासांचं काम, त्यात हात बसलेला सर्जन लागतो. चरबी टोचून भरता येते, पण थोडी जिरते, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. आणि काहीच न घडवता छाती सपाट, नीट शिवून घेता येते. हा पर्याय बायकांना फार उशिरा सांगितला जातो. माझ्या मते तो बाकीच्यांच्या बरोबरीनं, पहिल्याच भेटीत सांगायला हवा.

काकूंनी तोच निवडला. भातरोपं लावायची, वैरणीचा भारा डोक्यावर घ्यायचा. पाठीचा स्नायू द्यायला त्या तयार नव्हत्या.

(दृश्य: शिलाई मशीन.)

गावातली शिंपीण ब्लाऊजला उजवीकडून आतला कप्पा शिवते आहे. त्यात जुन्या सुती लुगड्याची मऊ घडी बसेल. काकू म्हणतात, "जत्रंला घालीन. शेतात कशाला?"