छताला कोण घासतं?

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त फोंड्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

ही डबी पुढच्या रांगेपासून मागे सरकवत न्या. आत बोट घातलंत तर पिवळसर भुकटी लागेल. घाबरू नका, रुमालाला पुसा. सहा वर्षांपूर्वी हा मऊ स्पंज होता आणि माझ्या गाडीच्या छताला आतून चिकटलेला होता. छताचं जे राखाडी कापड आपण गाडीत बसल्यावर डोक्यावर बघतो, ते थेट पत्र्याला लावलेलं नसतं. वर एक दाबून तयार केलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड, त्याला स्पंज आणि स्पंजाला कापड. स्पंजाची अशी भुकटी झाली की कापडाला धरून ठेवायला काही उरत नाही.

माझ्या गाडीला पाचवा पावसाळा लागला आणि चवथीनंतरच्या आठवड्यात मागच्या सीटवर बसलेल्या नातवाच्या केसांना ते कापड टेकायला लागलं. वॉरंटी तीन वर्षांची, ती संपलेली. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा नम्र होता. गाडी बघितली, जॉब कार्डावर लिहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे वेअर अँड टिअरमध्ये येतं. आणि इथली हवाच अशी आहे." मी परत आले आणि गावातल्या कुशनवाल्याकडे गेले. त्यानं छत खाली काढलं, खरवडलं, नवं फोमचं कापड सोल्यूशननं चिकटवून दिलं. साडेपाच हजार रुपये. काम करता करता तो सहज म्हणाला, "बाये, हें सगळ्यांचेंच जाता. ह्या म्हयन्यांत ही चवथी गाडी." त्या चारही गाड्या एकाच मॉडेलच्या होत्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचं दुःख नव्हतं. आम्ही चौघं एकाच तालुक्यातले, चौघांना एकच उत्तर मिळालं आणि चौघांनी आपापल्या खिशातून गुपचूप पैसे भरले. एकमेकांचा पत्ताही आम्हाला नव्हता. आजचं बोलणं त्या चार गाड्यांबद्दल आहे: अमेरिकेत गाडीच्या अशा आतल्या भागांसाठी न्यायालयातल्या तडजोडीनं वॉरंटी वाढते, तसं आपल्याकडे काय करता येईल?

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून आधी भुकटीकडे येते. हा स्पंज म्हणजे पॉलियुरेथेन. ते दोन तऱ्हांनी बनतं, एक पॉलिएस्टरपासून आणि दुसरं पॉलिइथरपासून. पॉलिएस्टरच्या साखळीत एस्टरचे दुवे असतात. बारावीला आपण आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर करतो, त्यात पाणी बाहेर पडतं. हीच क्रिया उलटीही चालते: एस्टरला ओलावा आणि ऊब मिळाली की त्याचं पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल होतं. याला जलविघटन म्हणतात. आणि यातली वाईट गोष्ट अशी की जे आम्ल तयार होतं, तेच पुढच्या दुव्यांच्या तुटण्याला वेग देतं. म्हणून चार वर्षं काही दिसत नाही आणि एका पावसाळ्यात सगळं खाली येतं. पॉलिइथरचा स्पंज पाण्यापुढे जास्त टिकतो, त्याचा शत्रू ऊन आणि हवेतला ऑक्सिजन. काही गाड्यांच्या दाराच्या हँडलवरचा किंवा बटणांवरचा मऊ रबरासारखा रंग काही वर्षांनी बोटाला चिकटायला लागतो ना? पुष्कळदा तिथंही हेच घडलेलं असतं.

डॅशबोर्डची तऱ्हा वेगळी. त्याची वरची कातडी बऱ्याच गाड्यांत पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक. त्यात मऊपणासाठी तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हात तापून ते हळूहळू बाहेर येतं. समोरच्या काचेला आतून जो धुरकट पापुद्रा धरतो, त्यात या द्रव्याचाही वाटा असतो. ते निघून गेलं की कातडी आकसते आणि तडकते. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरलं होतं. एप्रिल-मेमध्ये मिरामारला झाडाबाहेर गाडी लावून आलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता "वेअर अँड टिअर" या शब्दाकडे या. झीज वापरानं होते. टायर झिजतो, क्लच प्लेट झिजते, ब्रेक पॅड झिजतो, ड्रायव्हरच्या सीटची कड झिजते. ते आपण मान्य करतो आणि पैसे देतो. पण छताला कोण घासतं? गाडी दहा हजार किलोमीटर चालवा नाहीतर लाखभर, छताच्या कापडाला वापर असा काही नसतोच. त्यामुळे ते पडलं तर कारण दोनच: माल कमी प्रतीचा निवडला, किंवा चिकटवण्यात चूक झाली.

आणि हवेचं म्हणाल, तर गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे काही गुपित नाही. आषाढात आमच्या कपाटातल्या पैठणीला बुरशी येते, पापडाचा डबा दोनदा उन्हात काढावा लागतो, मीठ मडक्यात पाझरतं. ज्यांनी इथं शोरूम उघडली त्यांना हे दिसत होतं. मांडवीकाठच्या माणसाला होडी विकायची आणि फळी कुजली की "पाणी लागलं" म्हणायचं, हे उत्तर मी स्वीकारत नाही.

हवामान हा दोषाचाच भाग असतो, हे जगानं एका फार मोठ्या प्रकरणात मानलेलं आहे. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेनं बिघडत गेलं, स्फोट गरजेपेक्षा जोरात होऊन धातूचे तुकडे उडाले, माणसं गेली. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्यानं तेव्हा राज्यांचे झोन पाडले आणि फ्लोरिडा, हवाईसारख्या उष्ण-दमट प्रदेशांतल्या गाड्या आधी दुरुस्त करायला लावल्या. तिथं कुणी ग्राहकाला "तुमची हवाच अशी" म्हणून घरी पाठवलं नाही. एअरबॅग जिवाशी गाठ असलेली आणि छताचं कापड नाही, हे मला कळतं. पण ओलाव्यानं माल बिघडतो तेव्हा जबाबदारी कुणाची, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

मग डॅशबोर्ड, दाराचे पॅड, छत अशा आतल्या सजावटीसाठी तडजोड होऊन वॉरंटी वाढते, ती कशी? अमेरिकेत एकसारख्या गाड्यांचे काही मालक सगळ्यांच्या वतीनं एकच दावा लावतात, त्याला क्लास ॲक्शन म्हणतात. बहुतेक वेळा निकालापर्यंत जायच्या आधी कंपनी आणि ग्राहकांचे वकील तडजोडीवर येतात. ती परस्पर लागू होत नाही. तिथल्या दिवाणी प्रक्रियेच्या नियम २३ प्रमाणे तडजोड न्याय्य, वाजवी आणि पुरेशी आहे, असं न्यायाधीशाला पटावं लागतं. त्याआधी मालकांना नोटीस जाते. ज्याला नको तो बाहेर पडू शकतो, ज्याला आक्षेप आहे तो न्यायालयात मांडू शकतो.

अशा तडजोडीत साधारण दोन गोष्टी असतात. एक, त्या ठरावीक भागापुरती वॉरंटी वाढते आणि ती गाडी पहिल्यांदा विकल्याच्या तारखेपासून मोजतात. पुष्कळदा किलोमीटरची अट काढून टाकतात, कारण मघाशी म्हटलं तसं डॅशबोर्ड किलोमीटरनं तडकत नाही. आणि ती गाडीबरोबर चालते, म्हणजे सेकंड-हँड घेणाऱ्यालाही मिळते. दोन, ज्यांनी आधीच स्वतःच्या पैशानं काम करून घेतलं, त्यांना पावती दाखवून पैसे परत मिळतात. पावती नसेल तर अडचण. टोयोटानं तिकडे चिकट होणाऱ्या आणि तडकणाऱ्या डॅशबोर्डांसाठी काही मॉडेलना वाढीव मुदत दिली. म्हणजे मोठ्या कंपनीला हे करता येतं, गाडीचा कारखाना त्यानं बंद पडत नाही.

पण तिकडेही सगळं गोड नाही आणि हे मी मुद्दाम सांगते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, २०१९ मध्ये अशा तडजोडींचा अभ्यास केला. जिथं फॉर्म भरून हक्क मागावा लागतो, त्या प्रकरणांत हक्क मागणाऱ्यांचं मध्यक प्रमाण, म्हणजे प्रकरणं क्रमानं लावली तर मधोमध येणारं, ९ टक्के निघालं आणि मोठ्या प्रकरणांना जास्त वजन देऊन सरासरी काढली तर फक्त ४ टक्के. बाकीच्यांनी पत्र जाहिरात समजून फेकलं, किंवा पावती सापडली नाही, किंवा मुदत गेली. मला हा आकडा फार लागला. लढाई जिंकली आणि शंभरातल्या नव्वदांच्या दारात काहीच पोचलं नाही.

आता आपल्याकडे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला, कलम ११० अ. पण तो पर्यावरणाला किंवा गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसांना इजा होऊ शकेल अशा दोषांसाठी आहे. लोंबणारं छत त्यात सहसा बसणार नाही.

मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं, नवं प्रकरण आलं तेव्हा आम्ही ग्राहक चळवळीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर व्याख्या नीट वाचली. कलम २(२२) मध्ये "हानी" या शब्दातून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. म्हणजे डॅशबोर्डमुळे तुमचा हात कापला तर ते प्रकरण लागू, पण डॅशबोर्डच तडकला तर नाही. म्हणून आपला रस्ता जुनाच: कलम २(१०) मधला "दोष", म्हणजे मालाच्या गुणवत्तेतली उणीव, आणि त्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, भरपाई द्यायला सांगू शकतो. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायची तरतूद आहे, म्हणूनच माझी भुकटी मी डबीत जपली आहे.

एकट्यानं लढायचं तर खर्च फार नाही. आता तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठं का असेना. फी गाडीसाठी दिलेल्या किमतीवर ठरते: पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. पण साडेपाच हजारांच्या छतासाठी दोन वर्षं तारखांना कोण जाणार? मी गेले नाही, हे मी इथं उघडपणे कबूल करते. प्रत्येकाचं नुकसान इतकं लहान, की भांडण परवडत नाही. कंपनीकडे मात्र त्या सगळ्यांची बेरीज राहते.

यासाठीच कलम ३५(१)(ग) आहे. एकाच हितसंबंधाचे एक किंवा अनेक ग्राहक, आयोगाच्या परवानगीनं, सगळ्यांच्या वतीनं तक्रार करू शकतात. आपल्या हातात क्लास ॲक्शनच्या सर्वांत जवळचं हेच हत्यार आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ब्रिगेड एंटरप्रायझेस या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात त्याची धार आणि मर्यादा दोन्ही दाखवल्या. हजाराहून जास्त घरांचा प्रकल्प होता आणि ९१ जण सगळ्यांच्या वतीनं आले होते. न्यायालय म्हणालं, हितसंबंध एकच आहे हे तक्रारीतच नीट मांडायला हवं, नुसतं म्हणून चालणार नाही. ते मांडलेलं नव्हतं, तेव्हा त्या ९१ जणांची तक्रार संयुक्त, म्हणजे त्यांच्या स्वतःपुरती, म्हणून चालू शकेल, सगळ्यांच्या वतीनं नाही. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: मॉडेल तेच, बनावटीची वर्षं तीच, भाग तोच, बिघडण्याची तऱ्हा तीच, हे कागदावर असलं पाहिजे.

आणि कंपनी आणि डीलर दोघांना पक्षकार करा. गोव्यातल्याच एका ग्राहकाचं प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. डीलरनं २०११ ची म्हणून २००९ ची वापरलेली गाडी दिली होती. न्यायालयानं टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण डीलरच्या त्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं. आपलं प्रकरण उलट्या बाजूचं आहे. स्पंज डीलरनं निवडलेला नाही. पण कोण कशाला जबाबदार, हे आधी ठरवून गेलेलं बरं.

टॅक्सीवाले भाऊ मागे बसलेत, त्यांच्यासाठी: गाडी स्वतः चालवून त्यावर पोट भरत असाल तर तुम्ही कायद्यानं ग्राहकच आहात, "कमर्शियल" म्हणून कुणी हाकलू शकत नाही. तुमच्या गाड्या दिवसभर उन्हात असतात, तुमच्याकडे पुरावा सगळ्यांत आधी दिसेल. आणि एक विनंती, तडकलेला डॅशबोर्ड झाकायला डावीकडच्या एअरबॅगवर रेक्झिनचं कव्हर चिकटवू नका. तिथली शिवण फुटूनच ती पिशवी बाहेर येते.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. म्हणून कापड सैल झालेलं दिसलं की त्याच आठवड्यात गाडी दाखवा आणि जॉब कार्डावर तुमच्या शब्दांत दोष लिहून घ्या. "हवामानामुळे" म्हणाले तर तेही लिहून द्यायला सांगा. कुशनवाल्याकडून साधी का होईना, तारखेची पावती घ्या. निघालेला तुकडा फेकू नका.

दाराशी एक वही ठेवली आहे. मॉडेल, खरेदीचं वर्ष, कुठला भाग, कितव्या पावसाळ्यात, किती पैसे गेले, एवढंच लिहायचं. पहिली नोंद माझी आहे. दुसरी, तिसरी आणि चौथी त्या तिघांची आहे. कुशनवाल्यानं त्यांना विचारून आमची गाठ घालून दिली. पाचवी ओळ मोकळी आहे.