तळघरातलं लॉ कॉलेज

(दृश्य: ऑस्टिन, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचा टॉवर. सकाळ.)

26 फेब्रुवारी 1946. ह्यूस्टनमध्ये पत्रं वाटणारे पोस्टमन हेमन स्वेट या आवारात आले. हातात पदवीची कागदपत्रं. कायदा शिकायचा होता.

पात्रतेत काही खोट नव्हती. पण स्वेट कृष्णवर्णीय. विद्यापीठाचे अध्यक्ष थिओफिलस पेंटर यांनी प्रवेश नाकारला.

स्वेट कोर्टात गेले. न्यायाधीशांनी सरकारला सहा महिने दिले: यांची सोय करा.

(दृश्य: कॅपिटल, म्हणजे टेक्सासच्या विधिमंडळाच्या इमारतीचा घुमट, मग तेरावी स्ट्रीट.)

सोय झाली ती इथे, कॅपिटलजवळ, एका तळघरात. कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ कॉलेज! प्राध्यापक चार, तेही याच विद्यापीठाचे, उसने. पुस्तकं मागवली 10,000, पोचली थोडीच. स्वेट त्या पायऱ्या उतरले नाहीत.

थर्गुड मार्शल त्यांचे वकील. 5 जून 1950 ला सुप्रीम कोर्टाने एकमताने स्वेट यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर ते वेगळं कॉलेज ह्यूस्टनला गेलं होतं. कोर्टाने हिशोब मांडला: इकडे 65,000 ग्रंथ, तिकडे 16,500, इकडे 16 प्राध्यापक, तिकडे 5. आणि मग न मोजता येणारं: कॉलेजचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन. राज्यातल्या 85 टक्के लोकांपासून तोडून वकील घडवता येत नाही, असं कोर्टाने बजावलं. वर्गात शेजारी कोण बसतं, हेही शिक्षणच.

सप्टेंबरमध्ये स्वेट वर्गात बसले. तब्येत ढासळली, संसार मोडला. पदवी न घेताच ते बाहेर पडले.

(दृश्य: शाळा सुटते. पिवळ्या बस.)

पुढचं बरंचसं कागदोपत्री. 1996 मध्ये अपील कोर्टाने इथे प्रवेशात वंशाचा विचार थांबवला. 1997 मध्ये टेक्सासने तोड काढली: प्रत्येक शाळेतल्या वरच्या 10 टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. वस्त्या वंशानुसार वेगळ्या, म्हणून शाळाही. त्यामुळे प्रत्येक वस्तीतली मुलं आपोआप येणार. आपल्याकडे याला कुणीही आरक्षण म्हणेल. पण राखीव जागांना सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच मनाई केली होती.

29 जून 2023 ला त्याच कोर्टाने देशभर वंशाचा निकषच बाद केला. टेक्सासचा कायदा टिकून आहे. ऑस्टिनला 2026 पासून वरचे 5 टक्के.

(दृश्य: ट्रॅव्हिस काउंटीचं जुनं कोर्ट. दारावरची अक्षरं.)

स्वेट यांचा दावा आधी इथेच फेटाळला गेला. 2005 पासून या इमारतीला नाव आहे हेमन मॅरियन स्वेट यांचं.