आबांची मोहीम आणि आत्तीचा संडास

नमस्कार मंडळी. जेवणं उरकली असतील तर बसा निवांत, नसतील उरकली तर ताट घेऊनच बसा. आज बोलायचंय आर. आर. पाटलांबद्दल, म्हणजे आपल्या आबांबद्दल. रावसाहेब रामराव पाटील हे पूर्ण नाव, पण आमच्या सांगली जिल्ह्यात ते नाव घेतलं तर निम्म्या लोकांना कळायचं नाही कोण ते. आबा म्हटलं की कळतं.

आधी थोडक्यात सांगतो. तासगाव तालुक्यातलं अंजनी हे आबांचं गाव, जन्म १६ ऑगस्ट १९५७ चा. घरची परिस्थिती बेताची, शिकताना रोजगार हमीच्या कामावर गेले, सांगलीला शांतिनिकेतनमध्ये कमवा आणि शिका करून कॉलेज केलं, पुढं वकिलीचं शिक्षण घेतलं. १९७९ ला सावळज गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आले तेव्हा वय होतं फक्त एकवीस-बावीस वर्षं, आणि अकरा वर्षं तिथंच काढली. मग १९९० ला तासगावचे आमदार झाले ते सलग सहा वेळा. साखर कारखाना नाही, कॉलेजांची साखळी नाही, दूध संघ नाही आणि तरी सहा वेळा. आमच्या भागात ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता बघा, लोक आबांना गृहमंत्री म्हणून लक्षात ठेवतात. डान्सबार बंदी, पोलीस भरती, ते सगळं आहेच. पण मला विचाराल तर आबांचं सगळ्यात मोठं काम त्याच्या आधीचं आहे, ते ग्रामविकास मंत्री असतानाचं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २००० साली सुरू झालं. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात डोकी झाडायचे, त्यांचं नाव या कामाला दिलं हे किती योग्य केलं. आणि यातली खुबी काय होती, नीट ऐका, सरकारनं गावाला पैसे दिले नाहीत. आधी अनुदान मग काम असं नाही. काम तुम्ही करा, श्रमदानानं करा, आम्ही समिती पाठवतो, ती गुण देणार, तालुक्यापासून राज्यापर्यंत नंबर काढणार आणि नंबर आला तर बक्षीस, तेही गावाच्याच कामाला. पैसे नाहीत, स्पर्धा. हे लक्षात ठेवा, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती त्याच्यावरच आहे आणि ही सांगायलाच मी आज आलोय.

आमचं गाव जतकडचं. पाऊस कमी, दगड जास्त. मी तेव्हा कॉलेजला होतो आणि अक्षर बरं म्हणून सरपंचांनी माझ्या हातात गेरूचा डबा दिला, भिंतीवर सुविचार लिही म्हणाले. पंधरा दिवस गाव नुसतं उसळलं होतं. गटारी उपसल्या, उकिरडे गावाबाहेर नेले, मोरीच्या पाण्याला शोषखड्डे काढले, ज्या भावकीत बांधावरून बोलणं बंद होतं ती माणसं एकाच घमेल्याला दोन्ही बाजूनं धरून माती उचलताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलीत.

अडचण एकच, संडास. आमच्या आळीत चार संडास होते, कधीतरी अनुदानात बांधलेले, आणि चारही बंद. आमच्यात शेण्या रचलेल्या, वर कांद्याचं पोतं. सगळं गाव पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडं, बायका तर अंधार असतानाच. समिती यायच्या दोन दिवस आधी सरपंचांनी चारही संडास रिकामे करायला लावले, आतनं बाहेरनं चुना मारला, नवी बादली, नवा मग आणि भिंतीतल्या कोनाड्यात नवी साबणाची वडी. झालं, तयार.

समिती आली. मुलांचं लेझीम झालं, नारळ झाले, आणि फिरत फिरत आमच्या आळीत आली. समितीत एक मॅडम होत्या, साधी कॉटनची साडी, काखेत फाईल. त्यांनी आमच्या संडासाचं दार उघडलं, आत नजर टाकली आणि काय केलं माहितीय का, कोनाड्यातला साबण उचलला. साबण हातात घेऊन अंगठा फिरवला. साबणावर कंपनीचं नाव असतं बघा उठावाचं, ते जसंच्या तसं होतं, एक अक्षर झिजलेलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, वापरता का रोज? सरपंच मागनं म्हणाले, होय होय, रोज, सगळे वापरतात.

आणि दारात आमची आत्ती उभी होती. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा झाली आणि माहेरीच राहिली, तिचं गावात कुणापुढं कधी काही अडलं नाही. ती म्हणाली, "न्हाय."

एवढंच. न्हाय. सगळे गप्प. मॅडम म्हणाल्या, का हो आजी? तर आत्तीनं हिशोबच मांडला. म्हणाली, "एका माणसाला एका खेपंला निम्मी घागर पाणी जातंय. घरात आमी अकरा मान्सं. म्हंजी रोजच्या सा घागरी जादा. हपसा कुठं हाय ते बघून या आदी. पाणी आमच्या पोरी-सुना आणत्यात डोक्यावरनं. त्यांच्या डोक्यावर आनखी सा घागरी टाकून मी हितं बसू व्हय?"

मंडळी, मी शाळा-कॉलेजात लई गणितं बघितली, पण अकरा माणसं गुणिले निम्मी घागर, हे गणित मला कुठल्या पुस्तकात भेटलं नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत. माझ्या वहिनीला म्हणाल्या, चल, हपसा दाखव. आणि चालत गेल्या, चढ चढून, वहिनीनं घागर भरली, तिच्याबरोबर चालत परत आल्या. घामानं डबडबलेल्या. ओसरीवर बसल्या, पाणी मागितलं, आणि तांब्या हातात घेऊन तसाच धरून ठेवला थोडा वेळ, मग प्यायल्या. वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

गावाला गुण मिळाले नाहीत. गावातनं काय काय ऐकायला लागलं विचारू नका. म्हातारीनं इज्जत घालवली, सरपंच तर महिनाभर आमच्या दारावरनं मान वळवून जायचे. आत्ती मात्र म्हणायची, "खोटं बोलून नंबर आणला असता तर पाणी आलं असतं का?"

पण पुढं काय झालं, ग्रामसभा झाली. आणि त्या ग्रामसभेला बाया आल्या. आमच्या गावात त्याच्या आधी ग्रामसभेला बाया म्हणजे सह्या, माणसं नाहीत. त्या दिवशी तीस-पस्तीस बाया चावडीपुढं येऊन बसल्या, आणि विषय एकच, पाणी. गावातला जुना आड होता, पाणी बरं होतं पण वापर नव्हता, तो उपसायचा, तिथनं आळीच्या तोंडापर्यंत चर काढून पाईप टाकायचा आणि एक टाकी बसवायची असं ठरलं. पाईपला वर्गणी, खोदाईला श्रमदान. मुरमाड रान, पहार घातली की ठिणगी उडायची. आत्ती रोज भाकरी आणि ठेचा घेऊन चरावर यायची, आणि सगळ्यात आधी वाढायची कुणाला, तर सरपंचाला.

पुढच्या वर्षी परत समिती आली. मॅडम त्या नव्हत्या, दुसरे साहेब होते. त्यांनी विचारायच्या आधीच आत्ती आत गेली आणि साबण घेऊन आली. तळहातावर ठेवून दाखवला. साबण कसला, नुसती चिपाटी राहिलेली, पलीकडचं दिसंल इतकी पातळ. त्या साहेबांना काही कळेना म्हातारी साबण का दाखवतेय. आम्ही सगळे मात्र बघत होतो, आणि सरपंचांनी टोपी काढून डोळे पुसले. तालुक्यात नंबर आला आमचा त्या वर्षी.

आता मला सांगा, हे पाणी कुणी आणलं? आबा आमच्या गावात त्या काळात एकदाही आले नव्हते. सरकारनं पाईपाला एक रुपया दिला नव्हता. पैसे नाहीत, स्पर्धा. पण त्या स्पर्धेपायी एक बाई साबण हातात घेऊन बघायला आली, आणि तिच्यामुळं गावानं स्वतःच्या घागरी पहिल्यांदा मोजल्या. मला आबांचं मोठेपण इथं दिसतं. पुढं २००३ ला केंद्र सरकारनं निर्मल ग्राम पुरस्कार आणला त्याच्या मागं महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

आणि आता बोलतोच आहे तर एक मनातलं बोलू द्या, हल्ली गावागावात स्वागत कमानी होतायत. लाखांनी खर्च, वर ग्रॅनाईट, आणि कमानीखालनं आत गेलं की गटार रस्त्यावर. आधी गटार करा हो, कमान नंतर. पाहुणा कमान बघायला येत नाही.

असो. तर २००३ च्या अखेरीला आबा गृहमंत्री झाले, २००४ ला उपमुख्यमंत्री. २००५ ला डान्सबारवर बंदी आणली, ती पुढं कोर्टात टिकली नाही, पण ज्या घरातली जमीन विकून पोरगं पनवेलच्या बारमध्ये पैसे उधळून आलं होतं त्या घरातल्या आईला विचारा आबा कोण होते. २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम काढली, त्यातही तीच रीत, गावातलं भांडण गावातच मिटवा आणि बक्षीस मिळवा. २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हिंदीत बोलताना एक वाक्य चुकीचं गेलं, ते लोकांना लागलं, लागणारच होतं, माणसं मेली होती. आबांनी राजीनामा दिला. चूक ती चूकच, मी झाकणार नाही. २००९ ला परत गृहमंत्री झाले आणि पालकमंत्रीपद मागून घेतलं ते कुठलं, तर गडचिरोलीचं. नक्षलवादामुळं जिथं जायला तेव्हा लोक टाळायचे तिथलं.

१६ फेब्रुवारी २०१५ ला आबा गेले. सत्तावन्न वर्षं वय. तोंडाचा कॅन्सर. तंबाखूची सवय होती, ती कुणापासून लपलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी अंजनीला जी गर्दी झाली तीत मी होतो, माणसं ज्वारीच्या रानातनं चालत येत होती.

संध्याकाळी घरी आलो तर आत्ती ओसरीवर बसलेली, हातात मिशेरीची डबी. जन्मभर मिशेरी लावली तिनं, सकाळी दात घासायला आणि मग दिवसातनं चार वेळा. मला म्हणाली, "खरंच तंबाखूनं गेला व्हय रं?" मी म्हटलं, हो. बराच वेळ डबीचं झाकण नुसतं उघडत होती, लावत होती. मी म्हटलं आत्ती, ठेव आता ती. म्हणाली, "पन्नास वर्सं झाली की रं." आणि ठेवली नाही. मीही जास्त बोललो नाही, आणि आज मला त्याचं फार वाईट वाटतं, बोलायला पाहिजे होतं मी.

म्हणून तुमच्याशी बोलतो. तंबाखू, गुटखा, मिशेरी, यातलं काहीही घरात कुणी घेत असेल, तर आज झोपायच्या आधी त्याला दिव्याखाली बसवा. तोंड उघडायला लावा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा गालाच्या आतनं पांढरा नाहीतर लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवडे झाले तरी भरत नसलेली जखम दिसली, तर उद्या सकाळीच दवाखान्यात घेऊन जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला दुखत नसतं. परत सांगतो, तीन बोटं उभी, पांढरा किंवा लाल चट्टा, आणि न भरणारी जखम. आज रात्रीच बघा.

आता बाजारभाव लागतील, ते ऐका. नमस्कार.